विश्लेषण : हिंगोलीत घरोघरी पोहोचलेला ‘लिगो’ हा शब्द आला कुठून? त्याचा अर्थ गावाला कळणे का गरजेचे?

औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा-अंजनवाडा परिसरात होणाऱ्या प्रकल्पाने हिंगोली जिल्ह्याच्या बोलण्यात एक नवा शब्द आणून ठेवला आहे. बातम्यांत, भाषणांत, जमिनीच्या भावाच्या चर्चेत तो सहज येतो. कोणी ‘लिगो’ म्हणते, कोणी ‘लायगो’. पण हा शब्द नेमका काय आहे, असे विचारले की उत्तर बहुधा ‘ते अमेरिकेचे काहीतरी आहे’ इथेच थांबते. इतका मोठा प्रकल्प दारात येत असताना हे पुरेसे नाही. ते का, हे त्या शब्दाची गाठ सोडवली की कळते.

लिगो की लायगो?

इंग्रजीत उच्चार ‘लायगो’ असा होतो. मराठी बातम्यांत लायगो, लिगो, लीगो अशी तिन्ही रूपे छापून आली. बोलण्यात मात्र ‘लिगो’ने बाजी मारल्याचे दिसते, आणि त्यात काही चुकीचे नाही. परका शब्द गावात आला की तो गावाच्या जिभेवरच राहतो. ‘स्टेशन’चे ‘टेसन’ झाले म्हणून कोणाची गाडी चुकली नाही.

गंमत म्हणजे लॅटिन भाषेत ‘लिगो’ हा खराखुरा शब्द आहे, आणि तोही अगदी हिंगोलीच्या उच्चाराने. एक नव्हे, दोन. एका ‘लिगो’चा अर्थ ‘मी बांधतो’. क्रिकेटपटूच्या गुडघ्यातले जे ‘लिगामेंट’ फाटल्याची बातमी येते, ते याच कुळातले. दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा म्हणजे लिगामेंट. दुसऱ्या ‘लिगो’चा अर्थ कुदळ, जमीन खणायचे शेतकऱ्याचे अवजार. शिवाय युरोपातल्या लाटविया देशात जूनमधल्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाला ‘लिगो’ म्हणतात. मुलांच्या खेळण्यातले प्लॅस्टिकचे ठोकळे मात्र ‘लेगो’. ते नाव डॅनिश भाषेतल्या ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन शब्दांतून आले आहे.

यातल्या कशाचाही औंढ्याच्या प्रकल्पाशी संबंध नाही. हा निव्वळ ध्वनींचा योगायोग आहे. प्रकल्पाचे नाव कुठल्याही जुन्या भाषेतून आलेले नाही. ते आद्याक्षरे जोडून तयार केले आहे.

चार अक्षरांत काय कोंबले आहे?

एल म्हणजे लेसर, आय म्हणजे इंटरफेरोमीटर, जी म्हणजे ग्रॅव्हिटेशनल-वेव्ह आणि ओ म्हणजे ऑब्झर्व्हेटरी. मराठीत सांगायचे तर ‘लेसर व्यतिकरणमापी गुरुत्वीय लहरी वेधशाळा’. हे ऐकून कोणीही म्हणेल, त्यापेक्षा लिगोच बरा! पण या लांबलचक नावातल्या एकेका शब्दाला स्वतःची गोष्ट आहे.

पहिल्याच अक्षरात एक जादा पेच आहे. ‘लेसर’ हाही मुळात शब्द नाही, तीसुद्धा आद्याक्षरांची जुळणी आहे. ‘उत्तेजित उत्सर्जनातून प्रकाशाचे वर्धन’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे गॉर्डन गूल्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये आपल्या वहीत मांडली. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर प्रत्यक्ष चालवून दाखवला. म्हणजे लिगो हे संक्षेपाच्या पोटातले संक्षेप आहे. आज लेसर म्हटले की मिरवणुकीतले डोळे दिपवणारे हिरवे झोत आठवतात. लिगोचा लेसर त्याच्या अगदी उलट स्वभावाचा असतो. तो बंद नळीत, निर्वात पोकळीत धावतो आणि बाहेर कोणाला दिसत नाही.

दुसरा शब्द इंटरफेरोमीटर. यातल्या ‘इंटरफिअर’चा आजचा अर्थ लुडबुड करणे. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ एकमेकांवर आदळणे असा होता, आणि इंग्रजीत तो आधी वापरला गेला घोड्यांबाबत. चालताना घोड्याचा एक पाय दुसऱ्या पायावर आपटला की घोडा ‘इंटरफिअर’ करतो असे म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस यंग यांनी हा शब्द प्रकाशाच्या लाटांना लावला. त्यांचा अर्थ विहिरीत दोन खडे टाकले की समजतो. दोन्हीकडून वर्तुळे पसरतात आणि एकमेकांतून जातात. जिथे एकीचा उंचवटा दुसरीच्या उंचवट्याला भेटतो तिथे पाणी जास्त उसळते. जिथे उंचवटा खळग्याला भेटतो तिथे पाणी जागच्या जागी शांत राहते. प्रकाशही असेच वागतो. मराठी पाठ्यपुस्तकांत याला व्यतिकरण म्हणतात.

‘ग्रॅव्हिटी’ आणि ‘गुरू’ यांचे नाते

तिसरा शब्द हिंगोलीच्या सर्वात जवळचा आहे. ‘ग्रॅव्हिटी’ लॅटिनमधल्या ‘ग्राविस’ म्हणजे ‘जड’ या शब्दापासून आला. संस्कृतात जड म्हणजे ‘गुरू’. वृत्त शिकताना लघु-गुरू पाडायला लावतात, तोच हा गुरू. भाषाशास्त्रज्ञांच्या मते ‘ग्राविस’ आणि ‘गुरू’ हे एकाच प्राचीन मुळाचे दोन फुटवे आहेत. ग्रीकमधला ‘बारुस’ हा तिसरा फुटवा, ज्यावरून हवेचा दाब मोजणारा ‘बॅरोमीटर’ आला. तेव्हा ‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्द नुसता इंग्रजीचा उल्था नाही. दोन चुलत भाऊ हजारो वर्षांनी विज्ञानाच्या पुस्तकात पुन्हा भेटले, असे ते आहे. शिकवणारा तो गुरू, कारण तो वजनदार.

आणि गुरूची गोष्ट औंढ्याला कोणी नव्याने सांगावी असे नाही. संत नामदेवांचे नाव लावणारे नर्सी याच जिल्ह्यात. नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू भेटले ते औंढा नागनाथच्या देवळात, असे परंपरा सांगते. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले होते. नामदेवांनी हटकले, तेव्हा ते म्हणाले की जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. ही कथा जिल्ह्यातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या मुलाला ‘ग्रॅव्हिटी’ या शब्दात त्याचाच ‘गुरू’ दडला आहे, असे वर्गात सांगितले, तर लिगोची अर्धी भीती तिथेच जाईल. अशी सोपी वाट हाताशी असताना प्रकल्पाची ओळख मात्र सहसा कोटींच्या आकड्यांनीच करून दिली जाते.

लहर कसली आणि ती ऐकायची कशी?

आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये मांडले की प्रचंड वस्तुमानाच्या गोष्टी वेगाने फिरल्या, आदळल्या की अवकाशालाच लाटा येतात. या लाटा प्रकाशाच्या वेगाने पसरतात आणि वाटेतल्या प्रत्येक गोष्टीला एका दिशेने किंचित ताणतात, दुसऱ्या दिशेने किंचित दाबतात. किंचित म्हणजे किती? लिगोने पहिल्यांदा लहर पकडली तेव्हा चार किलोमीटरच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण एक हजारांश एवढा होता.

तो मोजण्यासाठी गवंड्याच्या गुण्यासारखी काटकोनात दोन भुजांची रचना लागते. प्रत्येक भुजा चार किलोमीटरची. आत साधारण चार फूट व्यासाची पोलादी नळी आणि तिच्यात निर्वात पोकळी. कोपऱ्यात लेसरचा झोत दुभंगतो, दोन्ही भुजांत जातो, टोकाच्या आरशांवरून परततो. हे आरसे प्रत्येकी ४० किलोचे, म्हणजे सिमेंटच्या पोत्याहून थोडे हलके, आणि काचेच्या बारीक धाग्यांवर टांगलेले. प्रकाश भुजेत सुमारे ३०० वेळा येरझारा घालतो, त्यामुळे चार किलोमीटरची भुजा जणू १,२०० किलोमीटरची होते. परतलेले दोन्ही झोत एकमेकांना पुसून टाकतील अशी मांडणी असते. विहिरीतला तो शांत पाण्याचा ठिपका आठवावा. लहर गेली की एक भुजा ताणली जाते, दुसरी आखडते, मेळ बिघडतो आणि अंधाऱ्या जागी प्रकाश झिरपतो. तेवढीच खूण.

अशी खूण १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड या दोन्ही केंद्रांत मिळाली, सुमारे सात सहस्रांश सेकंदाच्या अंतराने. सूर्याच्या २९ आणि ३६ पट वजनाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती, तीही सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर. खूण टिकली सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी. तिचे ध्वनीत रूपांतर केले तेव्हा खालच्या पट्टीतून वर चढत जाणारा, चिमणीच्या ‘चिव्’सारखा आवाज निघाला. या शोधासाठी रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना २०१७ चे नोबेल मिळाले.

‘कृष्णविवर’ हा शब्द मराठी घरांना परका नाही, याचे श्रेय जयंत नारळीकरांना जाते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेला त्यांनी टोपणनावाने पाठवलेल्या कथेचे नावच ‘कृष्णविवर’ होते. पुढे त्यांनी उभी केलेली पुण्याची ‘आयुका’ ही संस्था आज हिंगोलीच्या प्रकल्पातली एक प्रमुख भागीदार आहे. तिथलेच संजीव धुरंधर यांनी गोंगाटातून अशी अस्फुट खूण वेचून काढण्याच्या गणिती पद्धतींवर, लहर सापडण्याच्या कितीतरी आधीपासून काम केले. म्हणजे लिगो ‘अमेरिकेचे काहीतरी’ आहे, हे म्हणणेही अर्धवटच.

शेवटचा ‘ओ’ आणि मराठीतली ‘वेधशाळा’

चौथे अक्षर वरकरणी साधे. पण अमेरिकेत त्यावरूनच वाद झाला होता. आकाशातले काहीही न पाहिलेल्या, लहर सापडेल की नाही याची खात्री नसलेल्या यंत्राला ‘ऑब्झर्व्हेटरी’ कशाला म्हणायचे, असा काही खगोलशास्त्रज्ञांचा आक्षेप होता. त्यांना आपल्या दुर्बिणींच्या निधीचीही काळजी होती. २०१५ नंतर तो आक्षेप आपोआप मिटला.

मराठीत अडचण वेगळी आहे. ‘वेधशाळा’ म्हटले की आपल्याला पाऊस आठवतो. ‘वेधशाळेचा अंदाज’ हे शब्द इतके रुळले आहेत, की औंढ्यात वेधशाळा होतेय म्हटल्यावर ‘मग आता पाऊस नेमका कळेल का?’ असे एखाद्या शेतकऱ्याने विचारले तर त्याला हसू नये. उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते कोणीतरी स्पष्ट द्यायला हवे.

स्पष्ट उत्तर हवे असे प्रश्न आणखीही आहेत. प्रकल्प अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग मिळून उभारत आहेत. फलकावर ‘अणुऊर्जा’ दिसले की हा अणुप्रकल्प आहे का, अशी शंका येणे साहजिक आहे. तो तसा नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालयही याच विभागाखाली येते. लिगो वीज तयार करत नाही, किरणे सोडत नाही, स्फोट करत नाही. तो फक्त ऐकतो.

हे ठासून सांगण्याचे कारण या जिल्ह्याच्या जमिनीत आहे. वसमत तालुक्यातले पांगरा शिंदे आणि आसपासची गावे वर्षानुवर्षे जमिनीतून येणारे गूढ आवाज ऐकत आली आहेत. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेच्या धक्क्यांनी हिंगोलीसह नांदेड-परभणीही हादरले. भूकंपाची लहर आणि गुरुत्वीय लहर या दोहोंत ‘लहर’ हा शब्द समान असला तरी त्यांचे नाते तेवढ्यापुरतेच. एक जमिनीतून धावते आणि घर हलवते. दुसरी अवकाशातून येते, पृथ्वीतून आरपार जाते आणि कोणाला कळतही नाही. भूकंप झाला तर उलट लिगोचीच पंचाईत होते, त्याचे ऐकणे बिघडते. उद्या यंत्र सुरू झाल्यावर एखादा धक्का बसला आणि व्हॉट्सॲपवर ‘लिगोमुळे जमीन हलली’ असा संदेश फिरला, तर त्याला उत्तर देण्याइतकी माहिती गावात आधीच असायला हवी. धक्का बसल्यानंतर काढलेल्या परिपत्रकावर कोण विश्वास ठेवतो?

हिंगोलीच का, आणि गावाचा संबंध काय?

दोन कान असले तर आवाजाची दिशा कळते. अमेरिकेतली दोन केंद्रे एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरवर आहेत. २०१५ च्या त्या पहिल्या घटनेची जागा त्यांना आकाशाच्या सुमारे ६०० चौरस अंशांच्या पट्ट्यापर्यंतच आणता आली. त्यात पौर्णिमेचे जवळपास तीन हजार चंद्र मावतील. १७ ऑगस्ट २०१७ रोजी इटलीतल्या ‘व्हर्गो’ची जोड मिळाली आणि दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा २८ चौरस अंशांत पकडता आली. मग जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत तयार होतात, याचा पुरावा त्यातून मिळाला. पृथ्वीच्या जवळपास दुसऱ्या बाजूला आणखी एक कान असेल, तर ही अचूकता खूप वाढते. तो कान हिंगोलीत हवा, कारण इथली जमीन पक्की, गर्दी कमी आणि समुद्र दूर.

शांतता ही या यंत्राची पहिली गरज आहे. लिव्हिंग्स्टनच्या केंद्राला जवळच्या जंगलातली झाडतोड आणि रेल्वेगाडीची धडधड त्रास देते. हॅनफर्डला तर २०१७ मध्ये एक विचित्र खूण वारंवार दिसू लागली. शोध घेता कळले की नळ्यांवर साचलेला बर्फ तहानलेले डोमकावळे चोचीने टोचत होते! कावळ्याची चोच ज्या यंत्राला ऐकू येते, त्याला शेजारचा ट्रॅक्टर, खडी क्रशर, जड वाहनांचा रस्ता किंवा डीजे ऐकू येणार नाही का?

म्हणून इथे शब्दाचा अर्थ कळणे ही कोरडी ज्ञानाची बाब राहत नाही. परिसरात कुठले उद्योग चालतील, खाणकाम किती अंतरावर, रस्ता कुठून, असे निर्णय पुढे होतील. त्यांची झळ आधी शेजारच्या गावांना लागेल. ज्यांना शांत राहायला सांगायचे, त्यांना का शांत राहायचे हे त्यांच्या भाषेत सांगणे ही प्रकल्पाची जबाबदारी आहे. जिल्ह्यातल्या शाळा-महाविद्यालयांत शास्त्रज्ञांची व्याख्याने झाली आहेत, ही चांगली गोष्ट. पण व्याख्यान संपते आणि शास्त्रज्ञ पुण्याला परततात. गावातला शिक्षक, ग्रामसेवक, आशाताई यांच्या हाती राहील असे चार पानी सोपे मराठी पत्रक त्यापेक्षा जास्त काम करेल. अनुवादाच्या यंत्रातून काढलेले नको, बसून लिहिलेले.

पुढे काय?

प्रकल्पाची चाल सुरुवातीला संथ होती. लहर सापडल्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ची. सहाच दिवसांनी केंद्राने प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी दिली. पण सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळायला ६ एप्रिल २०२३ उजाडले. ११ मे २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरस्थ पद्धतीने पायाभरणी झाली. मंजुरीच्या वेळी पूर्णत्वासाठी २०३० चे उद्दिष्ट सांगितले गेले. मधल्या सात वर्षांत जिल्ह्याकडे प्रकल्प नव्हता, होता तो फक्त शब्द. रिकाम्या शब्दात लोक आपापल्या आशा आणि शंका भरतात, आणि तसेच झाले असेल तर त्याचा दोष लोकांना देता येत नाही.

नावाच्या बाबतीत जपानकडे पाहण्यासारखे आहे. तिथल्या यंत्रालाही आधी इंग्रजी आद्याक्षरांचेच एक रूक्ष नाव होते. ते बाजूला ठेवून त्यांनी लोकांकडून नावे मागवली आणि २०१२ मध्ये ‘काग्रा’ हे नाव दिले. ‘का’ हे कामिओका या गावाचे आणि ‘ग्रा’ हे ग्रॅव्हिटीचे. शिवाय ‘कागुरा’ या त्यांच्या देवळातल्या पारंपरिक नृत्यसंगीताची आठवण त्यात आहेच. इटलीचा ‘व्हर्गो’ कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या समूहावरून आला. भारतीय शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये आपला गट बांधला तेव्हा त्यांनाही ‘इंडिगो’ असे देखणे नाव सुचले होते. नीळ भारतातून जायची म्हणून ग्रीकांनी तिला ‘भारताची’ म्हटले, त्यातून हा शब्द झाला. दुर्दैवाने आज इंडिगो म्हटले की विमानच आठवते.

कागदोपत्री ‘लिगो-इंडिया’ हे नाव राहीलच, आंतरराष्ट्रीय करारात ते बदलणेही सोपे नाही. पण यंत्राला घरचे एक नाव असायला काय हरकत आहे? जिल्ह्यातल्या शाळांतून नावे मागवावीत, मुलांना अर्थ लिहायला लावावा. त्या निमित्ताने चारही अक्षरे आपोआप उलगडतील. एक नाव तर ‘वेधशाळे’तच आहे. ‘वेध’ म्हणजे नेम धरून टिपणे. ग्रहणाआधी लागतात तेही वेध, आणि आषाढ जवळ आला की वारकऱ्याला पंढरीचे लागतात तेही वेधच. दोन अक्षरांचा शब्द. उच्चारावरून वाद होण्याची शक्यताही कमी.